सॉलिटेअर, नामिबिया: वाळवंटात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या आणि त्यांचे फोटो

रानवाट

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी दिव्यांच्या अवसेच्या सुमारास नामिबियाला जाऊन आले. मावसभाऊ जोहान्सबर्गला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलेच होते. तिथून दोघं विमानाने विंडहूकला उतरलो आणि पुढे भाड्याची गाडी घेतली. सोसुसफ्लेच्या लाल टेकड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे सहलीचं वर्णन लिहीत नाही. मला बोलायचंय ते सॉलिटेअरबद्दल.

नकाशावर गावासारखा ठिपका दिसतो. प्रत्यक्षात तो सी१४ आणि सी१९ हे रस्ते मिळतात तिथला तिठा आहे. एक पेट्रोल पंप, एक बेकरी, एक दुकान, राहायची थोडी सोय. वॉल्व्हिस बे या बंदराच्या गावाकडून सोसुसफ्लेला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे तेल भरायला थांबतो आणि सफरचंदाचा पाय (ॲपल पाय, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) खातो. तो ज्यांनी जगभर प्रसिद्ध केला ते मूस मॅकग्रेगर २०१४ साली गेले, पण बेकरी अजून चालू आहे. १९४८ साली व्हॅन कोलर नावाच्या शेतकऱ्याने इथे सरकारकडून ३३ हजार हेक्टर जमीन घेतली, काराकुल मेंढ्या पाळण्यासाठी. नाव त्याच्या बायकोने ठेवलं. अंगठीत एकटाच बसवलेला हिरा तो सॉलिटेअर, आणि एकटं राहणं हाही त्याच शब्दाचा अर्थ.

पंपाच्या भोवती, वाळूत चाकं रुतलेल्या जुन्या गाड्या उभ्या आहेत. फुगीर मडगार्डचे छोटे ट्रक, गोल पाठीच्या मोटारी. काहींच्या बोनेटमध्ये निवडुंग वाढलाय. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो, म्हणजे मी हट्टाने राहायला लावलं. बहुतेक लोक वीस मिनिटांत निघून जातात.

पहिल्या दिवशी माझी मोठी चूक झाली. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, हे इतकं अंगवळणी पडलंय की मी त्याच हिशेबाने दुपारी जागा हेरून ठेवल्या. जुलै हा तिथला हिवाळा, आणि तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर उत्तरेकडे असतो. मकरवृत्त सॉलिटेअरच्या जरा उत्तरेला आहे, रस्त्यावर पाटीही आहे. जी गाडी मला सर्वांत आवडली होती तिचं तोंड दक्षिणेला. तिच्या चेहऱ्यावर ऊन येईल म्हणून वाट बघत बसले, आणि ते आलंच नाही. शेवटी सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, आकाश अजून उजळ असताना तिचा फोटो काढला. सावली नाही, चकाकी नाही, गंजाचा प्रत्येक पापुद्रा दिसतोय. तो फोटो १.

फोटो २ आणि ३ भर उन्हातले. निळं आकाश, केशरी गंज. रंग छान जमलेत, पण ते कुणीही काढेल असं वाटतं. फोटो ४ हे एका ट्रकच्या आतलं चित्र: सीटच्या उघड्या स्प्रिंगा, स्टिअरिंग, खाली पेडल. फोटो ५ रात्रीचा आहे, आकाशगंगेखाली गाडी, तो नीट साधला नाही.

मला मत हवंय. चारशेच्या वर फोटो काढले आणि त्यातले बहुतेक एकाच कॅलेंडरची पानं वाटतात. गाडी सुंदर, वाळवंट सुंदर, तरी बघणारा पुढे सरकतो. काय कमी पडतंय?

चाफेकळी

ताई, फोटो १ अप्रतिम. ५ मला दिसत नाहीये, पुन्हा चढवता का? लेन्स कोणती होती?

रानवाट

धन्यवाद. ५ पुन्हा चढवलाय. फुल फ्रेम बॉडी, २४-७० मिमीची लेन्स आणि रात्रीसाठी २० मिमीची. फोटो १ ला ट्रायपॉड, एफ ११, आयएसओ १००, जवळजवळ दोन सेकंद.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. लेन्स उघड्यावर बदलू नका. मी पहिल्याच संध्याकाळी बदलली आणि सेन्सरवर जे कण बसले ते पुढच्या सगळ्या फोटोंच्या आकाशात दिसतात. दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसून, काचा लावून, पंखा बंद करून बदलत होते. ट्रायपॉडच्या पायांच्या सांध्यांतही वाळू शिरते, रात्री ओल्या फडक्याने पुसून ठेवायचे.

फिनिक्सकर

मी ॲरिझोनात राहतो. इथून काही तासांवर पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क आहे. तिथे रूट ६६ हा जुना महामार्ग जिथून जायचा त्या जागेवर १९३२ ची स्टुडबेकर ठेवलीय. मागे टेलिफोनच्या जुन्या खांबांची ओळ आहे, ती ओळ म्हणजेच पूर्वीचा रस्ता. ती गाडी तिथे बंद पडून राहिलेली नाही, रस्त्याची खूण म्हणून आणून ठेवलेली आहे. हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की नुसत्या गाडीच्या फोटोत काही नव्हतं. खांबांची ओळ क्षितिजापर्यंत जाते तशी चौकट धरली तेव्हा रस्ता नसूनही रस्ता दिसायला लागला. उद्यानाचं फाटक संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे ताऱ्यांखालचा फोटो तिथे विसरा.

लास वेगसहून तासाभराच्या आत नेल्सन आहे, एल्डोराडो कॅन्यनमध्ये. सोन्याच्या जुन्या खाणीच्या आवारात भरपूर जुन्या गाड्या मांडल्यात. जागा खासगी आहे, फोटोसाठी परवानगी आणि पैसे लागतात. लग्नाचे फोटो काढायलाही लोक येतात. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही.

चाफेकळी

मग सॉलिटेअरच्या गाड्या तरी तिथेच बंद पडलेल्या आहेत का? आजूबाजूच्या शेतांवरून आणून पंपापाशी ठेवल्या असतील तर तो सेटच झाला. मला वाटतं फोटोत नेमकं हेच जाणवतं. कुणीतरी सुंदर दिसावी म्हणून तिरकी उभी केलेली गाडी आणि धन्याने शेवटची उभी केलेली गाडी, दोन्हींत फरक असतो.

रानवाट

काही मांडलेल्या आहेत हे उघड दिसतं. पण मांडलेली असली तरी गाडी खरीच आहे ना. तो ट्रक कुणीतरी वीस-तीस वर्षं चालवलाय. ते खोटं कसं होईल?

ओतशाळा

माझं काम लोखंडाचं आहे, म्हणून गंजाबद्दल लिहितो.

लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली राहिली की गंज चढण्याचा वेग अगदी मंदावतो. हवेत मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही काम चालू होतं. नामिबच्या किनाऱ्याला बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह लागून आहे, त्यामुळे पाऊस नसला तरी खारट धुकं येतं. किनाऱ्यालगत लोखंड भराभर खातं. तिथल्या स्केलेटन कोस्टवरच्या जहाजांचे, यंत्रांचे फोटो बघा, पत्रा बिस्किटासारखा सुटलेला असतो. सॉलिटेअर समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे. तिथे गंज वरवरचा, एकसारखा, पातळ चढतो आणि थांबतो. म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांनीही मडगार्डची गोलाई शाबूत आहे. हीच गाडी रत्नागिरीत उघड्यावर ठेवली असती तर दहा पावसाळ्यांत तळ गळून पडला असता.

फोटो ३ मोठा करून पाहा. दरवाज्याचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा जवळजवळ चांदीसारखा घासलेला आहे आणि वर मात्र निळ्या रंगाचे तुकडे टिकलेत. वाऱ्याने उडणारी वाळू उंच जात नाही, तिचे बहुतेक कण जमिनीलगतच टुणटुण उड्या मारत जातात. म्हणजे त्या दरवाज्यावर वाऱ्याने नेमकं कुठवर काम केलंय त्याची रेघ आहे ती. गाडीची दुसरी बाजू पाहिलीत का? तिकडे रंग जास्त शिल्लक असणार. तुम्ही उभं राहून फोटो काढलाय, त्यामुळे ती रेघ हरवली. गुडघ्यावर बसून, तिच्या पातळीवरून, ऊन अगदी आडवं असताना काढला असता तर फोटोत वारा दिसला असता.

रानवाट

दुसरी बाजू पाहिली होती! तिकडे रंग खरंच जास्त होता. पण मी ती "कमी गंजलेली" म्हणून सोडून दिली. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवायला हवे होते.

मिस्त्रीचा_मुलगा

मिरजेत आमच्या वडिलांचं गॅरेज होतं. आता बंद आहे, वडील ७८ वर्षांचे आहेत. तुमचे फोटो त्यांना मोबाइलवर दाखवले. ते जे म्हणाले ते लिहितो.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "इंजिन कुठंय?" फोटो २ मध्ये बोनेट अर्धं उघडं आहे आणि आत रिकामं आहे. मग म्हणाले, "चाकं बघ. पुढची रिमसकट नाहीत, दगडावर बसवलीय. मागच्याला रिम आहे, टायर नाही. डायनॅमो, रेडिएटर, दिवे, सगळं बोल्ट खोलून काढलंय. तोडलेलं काही नाही." चोरी असती तर पत्रा वाकवून, वायर कापून नेलं असतं. हे पान्याने, सावकाश, गरज पडेल तसं काढलेलं आहे.

आमच्याकडेही गॅरेजच्या मागे अशी एक गाडी असायची, तिला आम्ही "आई" म्हणायचो. तिच्यावर बाकीच्या गाड्या जगायच्या. कुणाचा कार्बोरेटर गेला, हिचा काढून लाव. कुणाचा पाटा तुटला, हिचा बसव. शेवटी नुसता सांगाडा उरायचा आणि तो भंगारात.

आता नामिबियाचा विचार करा. जवळचं शहर दोन-अडीचशे किलोमीटरवर, सुटा भाग कुठून तरी जहाजाने येणार. अशा ठिकाणी बंद पडलेली गाडी म्हणजे सुट्या भागांचं कपाटच. वडील म्हणाले, "ही टाकलेली गाडी नाही. ही पुरवून पुरवून वापरलेली आहे."

रानवाट

दादा, हे वाचून मी सगळे चारशे फोटो पुन्हा उघडलेत. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

चाफेकळी

मिस्त्रीकाका +१. माझा "सेट"चा मुद्दा मी मागे घेते. म्हणजे गाडी हलवली असेल, पण बोल्ट खोलल्याच्या जागा कुणी मांडलेल्या नाहीत.

गिरगावकर

आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची आठवण झाली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. हजारो टॅक्सी होत्या. आज उभी राहून गंजलेली एक दाखवा. आपल्याकडे गाडी बंद पडली की कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाते, तिथे दोन दिवसांत तिचे भाग वेगळे होतात. वाळवंटात तेच काम चाळीस वर्षं चाललं, एवढाच फरक.

दक्षिणवारा

थोडं जमिनीबद्दल. या धाग्यावर त्याबद्दल बोलणं मला गरजेचं वाटतं.

काराकुल मेंढ्या १९०७ च्या सुमारास जर्मनांनी मध्य आशियातून तिथे आणल्या. नुकत्या जन्मलेल्या कोकरांचं कुरळं कातडं युरोपात कोट-टोप्यांसाठी जायचं. या कोरड्या मुलखात दुसरं काही पिकत नव्हतं, त्यामुळे कित्येक शेतं याच धंद्यावर उभी राहिली. पुढे दुष्काळ पडले आणि १९८० च्या दशकात युरोपातली मागणी कोसळली. शेतं रिकामी होत गेली. तोवर मेंढ्या आणि कातडी वाहणारे ट्रक का थांबले, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि ती शेतं ज्या देशात आखली गेली त्या देशात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. जर्मनीने तो वंशसंहार होता हे २०२१ साली मान्य केलं. नंतर दक्षिण आफ्रिकेची राजवट आली, देश स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० ला. "ओसाड, रिकामं वाळवंट" असं आपण सहज लिहून जातो. ते रिकामं नव्हतं. रानवाट ताईंनी तसं कुठे लिहिलेलं नाही, पण फोटोंखाली ओळी लिहिताना हे मनात असावं.

रानवाट

लिहिलंत ते बरं केलंत. मी एका फोटोखाली "जिथे कधीच कुणी नव्हतं" असं लिहिलं होतं. काढून टाकलंय.

तारांगण

फोटो ५ बद्दल. तुमचा प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीये, वेळेचा आहे.

जुलैच्या शेवटी सॉलिटेअरला आकाशगंगेचा मध्य, म्हणजे धनु आणि वृश्चिक राशींमधला तेजस्वी भाग, रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो. महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजापासून चाळीस-पंचेचाळीस अंशांवर दिसतो, म्हणून आपल्याला झाड किंवा किल्ला खाली आणि आकाशगंगा वर अशी चौकट सहज मिळते. तिथे दहा वाजता तसं करायला गेलात तर गाडी चौकटीत येते आणि मध्य बाहेर राहतो. फोटोत तेच झालंय. रात्री दीड-दोनला उठा. तोवर तो पश्चिमेला कलतो, मग गाडीच्या टपावर बरोबर बसतो. म्हणजे गाडीच्या पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे तोंड करायचं.

२० मिमी, एफ २.८, १५ ते २० सेकंद, आयएसओ ३२००. गाडीसाठी वेगळा फोटो घ्या, आयएसओ कमी करून, दोन-तीन मिनिटांचा, आणि नंतर दोन्ही जोडा. बॅटरी थेट गाडीवर मारू नका, पत्रा सपाट दिसतो. बाजूला दहा-बारा फुटांवर जमिनीवर छोटा दिवा ठेवून त्यावर पातळ कापड टाका. अमावास्येच्या जवळ गेलात ते उत्तम केलंत. दक्षिणेला नामिबरँड हे राखीव क्षेत्र आहे, त्याला २०१२ साली अंधाऱ्या आकाशाचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालंय. त्या भागात दिव्यांची झळाळी जवळपास नाहीच.

रानवाट

दीड-दोनला! आम्ही अकराला थंडीने गारठून आत गेलो. पुढच्या वेळी नक्की.

रस्त्यावरचा

जायचा विचार आहे. खडीचे रस्ते कसे आहेत? साधी मोटार चालेल का?

रानवाट

रस्त्याचा दोष नाही, वेगाचा आहे. खडीवर ताशी ८० च्या वर जाऊ नका. गाडी नांगरलेल्या शेतावरून जाते तशी थरथरते आणि वळणावर मागची बाजू घसरते. टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. आमच्या गाडीत एकच स्टेपनी दिली होती, आणि तीही झिजलेली. कुइसेबच्या घाटाआधी पुढचा टायर गेला, स्टेपनी लावली, आणि मग सॉलिटेअरपर्यंत जीव मुठीत धरून वीस-तीसच्या वेगाने गेलो. गाडी ताब्यात घेताना दोन स्टेपन्या मागा, दोन्ही काढून बघा, जॅक चालवून बघा. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, ती एक सोय. अंधार पडल्यावर चालवू नका, ओरिक्स आणि कुडू ही मोठी हरणं रस्त्यात येतात.

आणि गाड्यांवर चढू नका. मी तिथे असताना एक कुटुंब मुलांना बोनेटवर उभं करून फोटो काढत होतं. एकाचा पाय पत्र्यातून आत गेला. मुलाला खरचटलं, आणि इतकी वर्षं टिकलेलं बोनेट फाटलं.

मिस्त्रीचा_मुलगा

ताई, वडिलांनी फोटो ४ पुन्हा मागितला. पेडलचा भाग मोठा करून पाठवता का? माझ्या मोबाइलवर फुटतोय.

रानवाट

मूळ फाइलमधून कापून चढवलाय. उजेड आतून कमी होता, म्हणून तीन वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेतले होते. त्यातल्या सर्वांत उजळ फोटोचा तुकडा आहे. डावीकडून क्लच, ब्रेक. ॲक्सिलरेटरची नुसती दांडी उरलीय. हा फोटो मी निवडलेल्यांत शेवटच्या क्षणी घेतला होता, आत बाकी काहीच नव्हतं म्हणून.

मिस्त्रीचा_मुलगा

वडिलांना आज सकाळी टॅबवर दाखवला. चष्मा पुसून बराच वेळ बघत होते. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"ब्रेकचं पेडल बघ, त्यावरच्या रेघा अजून आहेत. क्लचच्या बघ, सगळ्या गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, डावी कड खाली झिजून उतरती झालीय. हा गडी क्लचवर पाय टेकवून चालवायचा. आमच्याकडे असा कुणी आला की मी रागवायचो, प्लेट जळते म्हणून. पण वाळूत दुसरं काय करणार. हाफ क्लचवरच काढावी लागते, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी बसते. याने ही रोज वाळूतून काढलीय."

मग विचारलं, गाडीत स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूचा पत्रा दिसतोय का, तिथे गुडघा टेकायची जागा घासलेली असणार. तेवढा फोटो आहे का ताई?